काटा शून्यावर

मनगटावरचा पट्टा वाजला तेव्हा जयवंत पोतदार सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या पोत्यांच्या मधोमध, एका जुन्या वजनकाट्यापुढे गुडघे टेकून बसला होता. हातात फडक्यात धरलेलं पाच किलोचं प्रमाण वजन होतं. प्रमाण वजनाला उघडा हात लावायचा नाही, घामानंही वजन बदलतं, हे त्याला वडिलांनी नवव्या वर्षी शिकवलं होतं आणि बासष्टाव्या वर्षीही तो ते पाळत होता. वजन खाली ठेवून त्यानं पट्ट्याकडे पाहिलं.

‘अभिनंदन! आपण ९३ टक्के पूर्ववत झाला आहात. येत्या सोमवारपासून सेतूचा आधार थांबवण्यात येईल. उद्या अंतिम तपासणीसाठी दोघांनी यावे. सहजीवनास शुभेच्छा.’

‘काय वो पोतदार, लॉटरी लागली काय?’ काट्याचा मालक, अडत्या मगदूम, गादीवरूनच ओरडला.

‘बीपीचं आहे,’ जयवंत म्हणाला आणि त्यानं शर्टाची बाही पट्ट्यावर ओढून घेतली.

त्र्याण्णव टक्के! नव्वद राहू द्या, वरचे तीनसुद्धा खरे नव्हते. आणि या खोट्याला दुसरं कोणी जबाबदार नव्हतं. दर रविवारी घास भरवावा तसं त्यानंच ते त्या यंत्राला भरवलं होतं.

गंमत म्हणजे हा माणूस वजनकाटे दुरुस्त करून खरे-खोटे ठरवणारा. यार्डातले नवे काटे आता स्वतःच स्वतःला तपासतात, सरकारी शिक्काही तारेशिवाय आपला आपण घेतात. जयवंतकडे येतात ते उरलेसुरले जुने काटे, आणि त्यांचे तितकेच जुने मालक. ‘मी बरोबर आहे’ असं जो काटा स्वतःच सांगतो त्यावर आपला भरवसा नाही, असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. बायकोलाही हजारदा ऐकवलं होतं.

त्या दिवशी मात्र त्याला काटा शून्यावर आणायलाही तीनदा प्रयत्न करावा लागला. तो थकला होता. काम करून येतो तो थकवा वेगळा असतो, जेवलं की जातो. हा चौदा महिने मुरलेला होता.

चौदा महिन्यांपूर्वी मिरजेच्या एका हॉस्पिटलात त्याची प्रोस्टेटची ग्रंथी काढली. कॅन्सर वेळेवर सापडला, वेळेवर गेला. रक्ताचा अहवाल दर तीन महिन्यांनी स्वच्छ येत होता. भेटायला येणारे म्हणायचे, ‘सुटलात बघा!’ आणि तो सुटलाच होता, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण सुटल्यावर हातात काय उरलं, ते विचारायची कोणाची टाप नव्हती. पहिले तीन महिने लघवीवर ताबा नव्हता. तान्ह्या पोरासारखं बांधून फिरावं लागे. एकदा अंथरूण ओलं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून तो उशी घेऊन बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर झोपायला गेला. लघवी पुष्कळशी सुधारली, पण उशी काही परत आत गेली नाही.

डॉक्टर अनघा शिरगुप्पे यांनी ऑपरेशनच्या आधीच कागदावर चित्र काढून त्याला आणि त्याच्या बायकोला, हेमलताला, सगळं समजावलं होतं. ही ग्रंथी अक्रोडाएवढी असते. तिच्या दोन्ही अंगांना केसापेक्षा बारीक नसांचं जाळं चिकटलेलं असतं. पुरुषाला इच्छा झाली की मेंदूचा निरोप याच नसांवरून खाली जातो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरतं. ग्रंथी काढताना या नसा कितीही जपून सोडवल्या तरी दुखावतात आणि वर्ष-दोन वर्षं गप्प पडतात. निरोप नाही म्हणून रक्त नाही, आणि रक्त नाही म्हणून आतला नाजूक स्नायू हळूहळू सुकत जातो. नस शेवटी जागी झाली तरी तिचं ऐकायला खाली कोणी उरलेलं नसतं. गोळ्या होत्या, इंजेक्शनं होती, हवेचा पंप होता. काहींना लागू पडायचं, काहींना नाही.

सेतू नावाच्या नव्या उपचारानं यात भर घातली होती. ऑपरेशनच्या वेळीच जयवंतच्या घोट्याजवळच्या एका नसेतल्या पेशी घेऊन, त्या वाढवून, त्यांची एक बारीक नळी महिन्याभरानं दुखावलेल्या जागी बसवली होती. तिच्यातून नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर पुढे सरकते. शेजारी तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. नस पोहोचेपर्यंत तिच्या वतीनं ते स्नायूला हलके झटके देत राहतं. पहाटे आपणहून, आणि नवरा-बायको जवळ आले की दोघांच्या मनगटांवरच्या पट्ट्यांच्या इशाऱ्यावरून. कोणत्या झटक्यानं काय साधलं हे ते शिकत जातं आणि नस काम उचलेल तसतसा आपला हात काढून घेतं. पोराला सायकल शिकवताना मागून धरलेली सीट सोडतात, तसं.

‘फक्त एक अडचण आहे,’ डॉक्टर म्हणाल्या होत्या. ‘पट्ट्याला नाडी कळते, घाम कळतो, श्वास कळतो. पण माणूस घाबरला तरी नाडी पळते आणि त्याला इच्छा झाली तरी पळते. यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात.’

‘पण प्रत्यक्ष काय घडलं ते आत बसून दिसतच असेल की त्याला,’ जयवंतनं विचारलं होतं. यंत्राचा विषय निघाला की त्याला लाज आठवत नसे.

‘रक्त भरलेलं दिसतं. ते तुमच्या नसेनं भरलं की त्याच्या झटक्यानं, ते पुरेसं होतं का, त्यात तुमचं मन होतं का, हे दिसत नाही. म्हणून ते तुम्हालाच विचारणार. दर रविवारी पाच प्रश्न, आपापल्या फोनवर. शून्य ते दहा आकडा द्यायचा. एकमेकांना दाखवायचा नाही. एकानं फुगवून सांगितलं तर दुसऱ्याच्या उत्तरावरून यंत्र ओळखतं.’

 हेमलता तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत चित्राकडे बघत राहिली होती.

खरं तर या दोघांना प्रश्न विचारणं हीच पहिली चूक होती.

लग्न झालं तेव्हा खणभागातलं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत जयवंतची आई, पुढे तिच्या कुशीत त्यांची मुलगी. आतल्या खोलीत काय बोललं ते बाहेर ऐकू जायचं. तेव्हा न ठरवताच एक रीत पडली. निजायच्या आधी पाण्याचा तांब्या भरायचं काम हेमलताचं, आणि त्याची जागा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. ज्या दिवशी जयवंत तो स्वतः भरून उशाशी आणून ठेवायचा, त्या दिवशी त्यावर उपडं घातलेलं फुलपात्र हा त्याचा प्रश्न असायचा. फुलपात्र उपडंच राहिलं, तर आज नको. हेमलतानं ते सुलटं करून पाणी ओतलं, तर बरं. पुढे आई गेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली, तीन खोल्यांच्या नव्या घरात दोघंच उरली, तरी तांब्या तसाच चालू राहिला. चौतीस वर्षांत या गोष्टीसाठी दोघांनी मिळून एक शब्द खर्च केला नव्हता.

आणि आता फोन विचारत होता, ‘या आठवड्यात ताठरता समाधानकारक होती का?’

सेतू सुरू झाल्यावरची पहिली वेळ जयवंतला नको तितकी आठवत होती. संध्याकाळी दोघांचे पट्टे एकदम थरथरले. ‘अनुकूल वेळ’ असं त्यावर उमटलं. गिरणीचा भोंगा व्हावा आणि पाळी सुरू व्हावी तसं दोघं आत गेली. काहीतरी घडलंही. पण आपल्या बाहीत दुसऱ्याच कोणाचा तरी हात असावा असं त्याला वाटत राहिलं. ऐन वेळी खोकला आला, थेंब गळले, आणि जे काही होतं ते विरून गेलं. हेमलतानं उठून चादर बदलली. ‘असू दे. दमलात तुम्ही,’ एवढंच म्हणाली.

रविवारी त्यानं फोनवर दोनचा आकडा दाबला. मग त्याच्या मनात आलं, हे डॉक्टरबाई बघणार. पोरीच्या वयाची बाई. आणि चुकून हेमाला कळलं तर? तिला वाटेल, आपल्यातच काही उरलं नाही. त्यानं दोनाचे सहा केले. पुढच्या रविवारी सहाच्या खाली येणं वाईट दिसलं असतं म्हणून सात. यंत्र बिचारं विश्वासू. माणूस सुधारतोय असं धरून ते आपला जोर कमी करत गेलं. जोर कमी झाला तसं जे थोडंफार होत होतं तेही होईना. मग त्यानं आठ लिहिले. गेले तीन महिने तर दोघं जवळही आली नव्हती. पट्टे थरथरले की त्याला एखादा स्क्रू पिळायचा आठवायचा आणि तिला दूध तापवायचं. आकडे मात्र रविवारच्या रविवार जात होते, आणि पहाटे भरणारं थोडंसं रक्त पाहून यंत्र ते खरे धरत होतं.

आयुष्यात एका दुकानदाराच्या काट्यावर त्यानं खोटा शिक्का मारला नव्हता. सोमवारी यंत्र बंद होणार, नस अर्ध्या वाटेवर एकटी पडणार, आणि हे एक वाक्य बोलून थांबवता येईल हे ठाऊक असूनही त्याच्या तोंडून ते निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी दोघं मिरजेला गेली. बाकावर त्यांच्या शेजारी एक उंचापुरा माणूस बसला होता. जतचा निवृत्त एसटी ड्रायव्हर, नाव ऐवळे. त्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. नर्स येऊन जयवंतला म्हणाली, ‘काका, मॅडमनी सांगितलंय, यांना जरा धीर द्या. तुम्ही आमचं सगळ्यात यशस्वी जोडपं.’ आणि निघून गेली.

ऐवळेनं आवाज खाली आणला, तरी तो आवाज घाटात गाडी चालवलेल्या माणसाचा होता. ‘खरं सांगा की वो. डॉक्टर लोकांचं सोडा, त्ये चांगलंच सांगणार. पर माणूस हुतो का पैल्यासारखा? मशीन बसवायचं का न्हाई त्ये उद्यापर्यंत सांगायचंय मला. तुम्ही हो म्हणला तर बसवतो.’

जयवंतनं तोंड उघडलं. ‘होतो की,’ म्हणून वेळ मारून नेणं काही अवघड नव्हतं. तेरा महिने तो तेच करत होता. पण हा माणूस त्याच्या सांगण्यावर आपला निर्णय तोलायला बसला होता. गिऱ्हाईक काट्याकडे बघतं तसाच तो बघत होता. 

‘माझं झालं नाही,’ तो म्हणाला. शेजारी हेमलता होती, तिच्याकडे बघायचं त्यानं टाळलं. ‘काहीच झालं नाही. पण दोष मशीनचा नाही. मी त्याला दर आठवड्याला खोटं सांगत आलो.’

 मग पलीकडून हेमलताचा आवाज आला, अगदी हळू.

‘मीपण.’

ऐवळेनं एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. ‘आयला,’ तो म्हणाला. ‘आमच्यात न्हाई जमायचं हे. माझं खोटं आमची मंडळी पाच मिनिटांत पकडती.’

‘मग तुमचं होईल,’ जयवंत म्हणाला. ‘बसवून घ्या.’

डॉक्टर शिरगुप्पे रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. लाल रेघ जयवंतची, चढत चढत आठावर गेलेली. निळी हेमलताची, तिच्या वरून धावणारी, थेट दहापर्यंत.

‘जिथे हे यंत्र तयार झालं तिथेही नवरे फुगवूनच लिहायचे,’ त्या म्हणाल्या. ‘पण बायका खरं लिहायच्या, त्यामुळे खोटं पकडलं जायचं. दोघंही एकमेकांना न विचारता एकाच बाजूला खोटं लिहितील, हे यंत्र करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही. दोन साक्षी जुळल्या, मग त्यानं तेच सत्य धरलं.’

‘म्हणजे शून्यच चुकलं,’ जयवंत म्हणाला.

‘काय?’

‘पारड्यात आधीच काहीतरी पडलेलं असताना काटा शून्यावर आणला, तर पुढचं प्रत्येक वजन तेवढंच चुकतं. काटा बिघडलेला नसतो. त्याला सुरुवातच खोटी मिळालेली असते.’

डॉक्टरांनी मान डोलावली. ‘शिकलेलं सगळं पुसून पुन्हा सुरुवात करता येईल. पण मी आशा दाखवणार नाही. नसेच्या वाढीला फार तर आणखी दहा महिने आहेत, आणि मधल्या काळात स्नायू थोडा सुकलाय. सोबत गोळी घ्यावी लागेल, कदाचित इंजेक्शन. निम्मं परत येईल, किंवा त्याहून कमी, किंवा काहीच नाही. नको वाटत असेल तर यंत्र काढून टाकू. तसंही पुष्कळ जण सुखानं राहतात, त्यात कमीपणा नाही. मी सोमवारचं बंद होणं अजून रद्द करत नाहीये. रविवारी दोघांची खरी उत्तरं आली तर ते नव्यानं सुरू होईल. नाही आली तर बंद. ठरवा तुम्ही.’

 घरी आल्यावर हेमलतानं मेथीची जुडी सोडली आणि जमिनीवर बसून निवडायला घेतली. जयवंत समोर खुर्चीवर बसला.

‘दहा?’ तो म्हणाला.

‘तुम्ही आठ लिहिले ते?’

‘मी माझ्यासाठी नाही लिहिले.’

‘मग मी काय माझ्यासाठी लिहिले? मी दोन लिहिले असते आणि तुमच्या कानावर गेलं असतं, तर अन्न गेलं असतं का तुम्हाला? काट्यात पाच ग्रॅमचा फरक निघाला तर दोन दिवस धड जेवत नाही तुम्ही.’

 हेमलतानं चार काड्या निवडल्या. मग मान वर न करता म्हणाली, ‘खरंच ऐकायचंय का? ऐकायचं असेल तर आजच सांगते, उद्या जीभ रेटणार नाही.’

‘सांग.’

‘तुमचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाल्या, आता वर्ष-दोन वर्षं काही नाही. तेव्हा मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटले.’

जयवंतला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. ‘सुटलीस?’

‘होय. साठीला आले मी. गुडघे धरतात. अंग कोरडं पडलंय, दुखतं. गेली सहा-सात वर्षं दुखतं. तुम्हाला कुठून कळणार, मी फुलपात्र सुलटं करत गेले.’

‘नको असताना?’

‘कधी नको असताना, कधी हवं असताना. मोजलं नाही. मोजणारे तुम्ही.’

बाहेर रस्त्यावर भंगारवाल्याची गाडी आवाज देत गेली.  जयवंतला वाटलं, चौतीस वर्षं आपण ज्या उत्तरावर विसंबलो तेही असंच फुगवलेलं. त्याला राग आला. राग कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून तो जास्तच आला.

‘मग आता तरी सुखात असशील,’ तो म्हणाला.

हेमलतानं मेथी खाली टाकली. ‘सुखात? मला तेवढ्यापुरती सुटका हवी होती हो. तुम्ही उशी घेऊन सगळेच उठून गेलात. मला विचारलंत? थंडीत पाय बर्फ होतात माझे. पायाला पाय लावायला माणूस नाही. वर्ष झालं मी मोजे घालून झोपतेय, तुम्हाला माहीत तरी आहे का?’

त्याला माहीत नव्हतं.

‘मला माझाच वास येतो,’ तो कसाबसा म्हणाला. ‘खोकलो तरी थेंब गळतात.’

‘ठाऊक आहे. चादरी मीच धुते.’

मग जयवंतलाही थांबता येईना. तो म्हणाला, पट्टा वाजला की परीक्षेला बसवल्यासारखं होतं. नाडी पळते ती भीतीनंच. आत काही हललं तरी ते आपलं वाटत नाही. सकाळी फिरायला जाणं सोडलं, कारण बरोबरची माणसं चावट विनोद करतात आणि हसायचं कसं ते विसरायला झालंय. हे सगळं तो जमिनीकडे बघून बोलला. शेवटी म्हणाला, ‘आता माझ्याजवळ काय आहे म्हणून तू माझ्याजवळ यावंस?’

‘शहाणेच आहात,’ हेमलता चिडून म्हणाली. ‘म्हणजे चौतीस वर्षं मी तेवढ्यासाठी राहिले होते?’ आणि परात उचलून ती आत गेली. त्या संध्याकाळी मेथीत मीठ जास्त पडलं होतं. जयवंत नेहमीप्रमाणे काही न बोलता जेवणार होता. मग म्हणाला, ‘खारट झालीय.’ ‘झालीच आहे,’ ती म्हणाली.

शनिवारी तो यार्डात मगदूमच्या दुकानात गेला आणि त्याचा काटा पुन्हा उघडून बसला. पारडं पुसलं, खालची धूळ काढली, काटा रिकामा असल्याची खात्री केली, आणि मग शून्यावर आणला. काम पाच मिनिटांचं होतं. पण नंतर तो बराच वेळ त्या रिकाम्या पारड्याकडे बघत बसला. यंत्र काढून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. दहा महिने शून्य, एक, दोन असे आकडे लिहायचे, ते परक्यांनी बघायचे, आणि शेवटी कदाचित काहीच नाही. एवढी ताकद आणायची कुठून? आणि काढून टाकलं तर उशीचं काय, हेही त्याला सुचत नव्हतं.

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास फोनवर पाच प्रश्न आले. जयवंत बाहेरच्या खोलीत खाटेवर फोन हातात घेऊन बसला होता. खिडकीतून जानेवारीचं ऊन थेट अंथरुणावर आलं होतं.

पावलं वाजली म्हणून त्यानं वर पाहिलं. हेमलता दारात होती. तिच्या हातात तांब्या होता, भरलेला. ती आली, खाटेशेजारच्या स्टुलावरचं वर्तमानपत्र तिनं बाजूला केलं आणि तांब्या तिथं ठेवला. फुलपात्र उपडं होतं. मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.

जयवंतला क्षणभर काही उमगलं नाही. तांब्या उशाशी आणायचं काम त्याचं. चौतीस वर्षांत तिनं तो कधी आणला नव्हता. आणि मग त्याच्या लक्षात आलं की फुलपात्र आज त्याच्यासाठी उपडं आहे. ते तसंच राहू द्यायचा हक्क आजवर तिचा होता, आज त्याचा होता. आजवर त्याला हे कोणी विचारलंच नव्हतं. 

‘काही होणार नाही, हेमा.’

‘मग नाही होणार.’

‘आणि गळलं तर?’

‘चादर अजून धुवायला टाकली नाही मी.’

त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. ‘एक विचारू? तुला खरंच वाटतंय, की माझं मन राखतेयस?’

हेमलतानं लगेच उत्तर दिलं नाही. ती बाहेर बघत खरोखरच विचार करत राहिली. तो वेळ जयवंतला लांब वाटला, पण ती विचार करतेय याचंच त्याला बरं वाटलं.

‘दहा नाही,’ ती शेवटी म्हणाली. ‘सहा धरा. गुडघा दुखतोय.’

जयवंतला हसू आलं. खूप दिवसांनी आलं म्हणून ते नीट येईना, त्याचा खोकला झाला, आणि व्हायचं तेच झालं. थोडं गळलं. त्यानं ते लपवलं नाही. ‘बघ,’ तो म्हणाला. ‘बघितलं,’ ती म्हणाली.

त्यानं फुलपात्र सुलटं केलं, त्यात पाणी ओतलं आणि आधी तिला दिलं. दोघांनी मनगटांवरचे पट्टे काढून स्टुलावर ठेवले. खाट अरुंद होती, एकाला कुशीवर वळावंच लागे. घडलं काहीच नाही, तो म्हणाला होता तसंच. यंत्राला सांगण्यासारखं तर काहीच नाही. तिनं मोजे काढले. उन्हात असूनही तिचे पाय खरंच बर्फासारखे होते. त्यानं ते आपल्या दोन्ही पायांत धरले आणि ऊब यायला किती वेळ लागतो ते तो मोजत बसला नाही.

साडेचारला तिनं कूस बदलली. ‘ती उत्तरं राहिलीत,’ ती म्हणाली. ‘द्यायची आहेत ना?’

‘दहा महिने लिहावं लागेल. शून्य, शून्य.’

‘लिहू. मला कुठं जायचंय?’

एकमेकांना दाखवायचं नाही असा नियम होता. त्यांनी दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून लिहिलं. ताठरतेला त्यानं शून्य दिलं, तिनंही शून्य. ‘वेदना झाली का’ या प्रश्नावर तिनं जरा थांबून आठ लिहिले. त्यानं तो आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि मिरजेला फोन करून तिच्यासाठीही वेळ घ्यायची असं मनाशी ठरवलं. शेवटचा प्रश्न जवळीक हवीशी वाटते का, असा होता. तिनं सहा दाबले. त्यानं बराच विचार करून पाच. भीती अजून होती, ती वजा करावी लागली.

उत्तरं गेली. स्टुलावर पट्टा थरथरला. जयवंतनं तो उचलून पाहिलं आणि या वेळी बाही ओढली नाही, तिच्यापुढे धरला.

‘मागील नोंदी पुसल्या आहेत. सेतू नव्याने सुरू. पूर्ववत: ० टक्के.’

‘शून्यावर आला बघ,’ तो म्हणाला.

‘बरं झालं,’ हेमलता म्हणाली. ‘सरका जरा, चहा टाकते. आणि ती उशी आत नेऊन ठेवा.’